केडीएमचे मूळ गाव



हर्सूलच्या या संमेलनात सोन्याच्या कसाविषयी भरपूर बोलले जाईल. अध्यक्षीय भाषणाचा विषय मात्र सोने जोडणारा आणि जोडता जोडता कारागिराच्या छातीत उतरणारा धातू आहे. सराफ्यात तो ‘केडीएम’ म्हणून ओळखला जातो. त्याचे नाव कॅडमियम.

कॅडमियमसाठी कुणी खाण खोदत नाही. जस्ताच्या खनिजात, स्फॅलेराइटमध्ये, ते मुरलेले असते. टनभर जस्तामागे साधारण ३ किलो निघते. १८१७ साली जर्मनीत औषधांच्या दुकानांची तपासणी करणाऱ्या फ्रीडरिश स्ट्रोमायर यांना जस्ताचे एक संयुग तापवल्यावर पिवळे पडलेले दिसले. त्यात लोह नव्हते. मग हा रंग कशाचा, याचा माग काढताना नवा धातू हाती लागला. राजस्थानात झावरला त्याच्या कितीतरी शतके आधी वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशींतून जस्ताची वाफ खाली उतरवत. कॅडमियम ७६७ अंश सेल्सिअसला उकळते, जस्त ९०७ ला. त्या वाफेत कॅडमियम आधी निघत असणार. त्याला नाव तेवढे नव्हते.

आज उदयपूरजवळच्या देबारीसारख्या कारखान्यात, १९६८ पासून, वाट वेगळी आहे. खनिज भाजतात, गंधकाम्लात विरघळवतात आणि त्या द्रावात जस्ताचीच भुकटी टाकतात. जस्त अधिक क्रियाशील, म्हणून ते स्वतः विरघळते आणि तांबे, कॅडमियम यांना बाहेर ढकलते. तळाशी बसलेल्या गाळातून कॅडमियमचा करडा स्पंज मिळतो. तो पुन्हा शुद्ध करून, वितळवून कांड्या ओततात. हे टाळता येत नाही. कॅडमियम द्रावात राहिले, तर विजेने जस्त काढताना तेही पत्र्यावर चढते आणि जस्त नासते.

थोडक्यात, कॅडमियम किती निघणार हे त्याचे गिऱ्हाईक ठरवत नाही. घरांवरचे पत्रे आणि विजेचे खांब यांना जस्ताचा मुलामा हवा, तोवर ते निघतच राहणार. मग ते निकेल-कॅडमियम बॅटरीत गेले, पिवळ्या-तांबड्या रंगांत गेले आणि सोनाराच्या बागेसरीवरही आले.

केडीएमच्या डाकेत, म्हणजे दागिना जोडणाऱ्या मिश्रणात, ९२ भाग सोने, ८ भाग कॅडमियम. डाक लवकर वितळते, फुंकणीच्या ज्योतीत कॅडमियम उडून जाते, मोडीत घट कमी येते. गिऱ्हाईक खूश, सराफ खूश. उडालेल्या धातूचा तपकिरी धूर मात्र ज्योतीवर वाकलेल्या माणसाच्या फुप्फुसात जातो, तिथून मूत्रपिंडात साठतो. म्हणूनच हॉलमार्कच्या दागिन्यात ही डाक चालत नाही.

जपानमध्ये कामिओका खाणीतले कॅडमियम जिंझू नदीतून भातखाचरांत उतरले. तो भात खाणाऱ्यांची हाडे नुसत्या खोकल्यानेही मोडत. रुग्ण वेदनेने विव्हळत. १९६८ मध्ये तिथल्या सरकारने हा प्रदूषणाचा आजार असल्याचे मान्य केले. हर्सूलवरून शहरात उतरणारी खाम नदी पुढे गोदावरीला मिळते, हे इथल्या मुलामा देणाऱ्या कारखानदारांनी ध्यानात घ्यावे.

संमेलनापुढे तीन ठराव ठेवले आहेत: जुन्या केडीएम दागिन्यांची मोड धूर ओढणाऱ्या यंत्राखालीच वितळवावी, डाकेसाठी कॅडमियमऐवजी जस्त किंवा इंडियमचे मिश्रण वापरावे, आणि बाद बॅटऱ्या भंगारात न टाकता पुनर्प्रक्रियेला द्याव्यात. पहिल्या ठरावाचा खर्च सराफाने उचलावा, कारागिराच्या मजुरीतून तो कापू नये. चर्चा तिथूनच सुरू व्हावी.