जुना संगणक : सुधारावा कीं बदलावा ?



बैलगाडीच्या चाकाची धांव झिजली म्हणजे शेतकरी नवी धांव चढवून घेतो. गाडी मोडीत काढीत नाहीं. उलट आंस आणि चाकें सारींच खिळखिळीं झालीं असतां केवळ नव्या धांवेवर पैसा घालण्याचा वेडेपणाही तो करीत नाहीं. हा व्यवहार ज्याला कोणी शिकवावा लागत नाहीं, त्याच्याच घरीं संगणकाचा प्रश्न निघाला, कीं मात्र सारें घर गोंधळून जातें.

गोंदिया जिल्ह्यांत आमगांव, तिरोडा, देवरी अशा कोणत्याही गांवीं हें दृश्य दिसण्यासारखें आहे. 2017 सालीं घेतलेला संगणक नवे खेळ खेळतांना अडखळूं लागलेला असतो. मुलगा म्हणतो, "बाबा, नवाच घेऊं या." वडील म्हणतात, "अरे, चालतो आहे ना ? मग अडलें कोठें ?" धानाचा पैसा कांहीं महिन्याच्या महिन्याला घरीं येत नाहीं, त्यांतूनच बियाणें, मुलीची फी आणि घराची डागडुजी भागवावयाची असते. शिवाय त्या मुलीचे अर्ज व अभ्यासही त्याच यंत्रावर चालतात. म्हणून निर्णय चुकला, तर त्याची झळ एकट्या खेळाला लागत नाहीं.

या प्रश्नाचें मर्म समजण्यास गोंदियाच्या स्टेशनाकडे पाहावें. तेथून नैनपूरवरून जबलपूरकडे जाणारा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभीं घातला गेला, तेव्हां त्याच्या दोन रुळांमधील अंतर अवघें अडीच फूट होतें. त्या मार्गावर वाफेच्या एंजिनाच्या जागीं डिझेलचें एंजिन आणतां आलें. पण मुंबई-हावडा मार्गावरचें मोठें एंजिन त्यावर चढविणें शक्य नव्हतें. अडचण एंजिनाची नव्हती, रुळांची होती. अखेर एकविसाव्या शतकांत तो सारा मार्गच रुंद करावा लागला. संगणकांतील मदरबोर्ड हे असेच रूळ होत. कोणता भाग थकला आहे, आणि त्याच्या जागीं येणारा नवा भाग हे रूळ स्वीकारतील काय, या दोन प्रश्नांच्या उत्तरांतच सारा निर्णय सामावलेला आहे.

प्रथम थकवा खरा कीं भासमात्र, तें पाहावें. गोंदियाच्या मे महिन्यांत पारा 45 अंशांच्या आसपास जातो, आणि राइस मिलांच्या शेजारीं धुळीला तोटा नसतो. पंखे धुळीनें बुजले व प्रोसेसरवरील लेप वाळला, म्हणजे प्रोसेसर तापतो आणि जळून जाऊं नये म्हणून आपण होऊन वेग उतरवितो. वीज बंद करून, पंखा बोटानें धरून, हवेच्या झोतानें धूळ उडवावी व लेप नवा लावावा. एवढ्या अल्प खर्चानें सांवरणारीं यंत्रें थोडीं नाहींत.

त्यानंतर परीक्षा. खेळांतील चित्राची सूक्ष्मता, म्हणजे रिझोल्यूशन, कमी करून पाहावें. तसें करतांच खेळ वेगानें चालूं लागला, तर भार ग्राफिक्स कार्डावर आहे. कांहींच फरक पडला नाहीं, तर बहुधा प्रोसेसरच मागें पडतो आहे. खेळ मधून मधून थबकत असेल व रॅम आठ जी. बी. असेल, तर ती सोळा करून पाहावी. यंत्र सुरू होण्यासच फार वेळ लागत असेल, तर फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कऐवजीं एस. एस. डी. बसवावी. तिनें यंत्र चपळ होतें; मात्र खेळांतील चित्रांचा वेग वाढेल, अशी आशा तिच्याकडून धरूं नये.

आतां रुळांची गोष्ट. 2017 सालचे दोन संगणक शेजारीं ठेवा. एकांत इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर, दुसऱ्यांत ए. एम. डी. चा पहिल्या पिढीचा रायझेन. दोघांचें वय एकच. पण इंटेलच्या आठव्या पिढीचा प्रोसेसर त्याच मापाच्या खाचेंत बसत असूनही जुन्या मदरबोर्डावर चालत नाहीं. उलट रायझेनचे ए. एम. 4 जातीचे पुष्कळ बोर्ड, त्यांतील बायॉस नांवाची मूळ आज्ञावली अद्ययावत केली असतां, 5000 मालिकेचे प्रोसेसरही स्वीकारतात. अगदीं पहिल्या बोर्डांनाही 2022 पासून ही सोय मिळाली. म्हणजे एका घरीं सुधारणा शहाणपणाची, तर दुसऱ्या घरीं बदल शहाणपणाचा. नुसत्या वयावरून निकाल देऊं नये, तो यासाठींच.

ग्राफिक्स कार्ड घेणाऱ्यानेंही सावध असावें. वीज पुरविणारी पेटी, म्हणजे एस. एम. पी. एस., नव्या कार्डाचा भार सोसील काय आणि कार्ड डब्यांत मावेल काय, हें आधीं पाहावें. दुबळ्या बैलाशेजारीं तगडा बैल जुंपला, तरी गाडी दुबळ्याच्याच चालीनें चालते. थकलेल्या प्रोसेसरशेजारीं महागडें कार्ड बसविणें यांतलेंच आहे.

सुरक्षिततेचा विचार याहूनही महत्त्वाचा. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजीं संपला. विंडोज 11 साठीं सर्वसाधारणपणें इंटेलची आठवी किंवा रायझेनची दुसरी पिढी आणि टी. पी. एम. 2.0 ही सुरक्षेची सोय लागते. वरील दोनही संगणक मूळ प्रोसेसरासह या अटींत बसत नाहींत. रायझेनच्या घरीं मात्र प्रोसेसर बदलला, कीं ही अडचणही बहुधा सुटते. ज्या यंत्रावरून मुलीची फी भरली जाते, तें असुरक्षित राहणें हें खेळ अडखळण्याहून कितीतरी गंभीर आहे. जुन्या यंत्रावर लिनक्स बसवून घरचें काम भागवितां येतें. पण व्हॅलोरंटसारखे स्पर्धेचे खेळ त्यावर चालत नाहींत.

राहिला पैशाचा हिशेब. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांची मागणी वाढल्यामुळें 2025 च्या अखेरीस रॅमच्या किंमती भराभर चढल्या. बहुतेक नव्या बोर्डांना डी. डी. आर. 5 लागते आणि जुनी डी. डी. आर. 4 त्यांच्या खाचेंत बसत नाहीं. तेव्हां बाप-लेकांनीं एका कागदावर दोन याद्या मांडाव्या : सुधारणेला काय काय लागेल, आणि बदलाला काय काय लागेल. एकदोन भागांनीं काम होत असेल, तर सुधारणा करावी. प्रोसेसर, बोर्ड व रॅम हीं तीनही बदलावीं लागत असतील, तर तो नवा संगणकच झाला असें समजून पुढचा हंगाम येईपर्यंत पैसा सांठवावा. तेव्हांही एस. एस. डी., धडधाकट पेटी व कार्ड नव्या घरीं नेतां येतात. आणि ज्याचा उपयोगच उरला नाहीं, तें भंगारांत न टाकतां नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे द्यावें. 2023 च्या एप्रिलपासून अंमलांत आलेल्या ई-कचरा नियमांचा रोख हाच आहे.

मुलाची हौस खोटी नाहीं आणि वडिलांची काटकसरही खोटी नाहीं. त्या दोहोंचा मेळ भांडणानें बसत नाहीं. यंत्र उघडून, रूळ पाहून व हिशेब मांडून बसतो. खेळाच्या निमित्तानें एवढा विवेक मुलाच्या हातीं आला, तर तो पुढें त्याच्या शेतींतही कामास येईल.