डिझेलच्या वाटेत हवा

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



पत्रिकेत विषय ‘डिझेल इंजिन आणि आपण’ असा भारदस्त छापला आहे. एका तासात तो संपायचा नाही. मी त्यातला एवढाच तुकडा घेतो: ट्रक स्वतःच्या चाकांवर गॅरेजला आला, डिझेल फिल्टर बदलले, टाकी धुतली, आणि आता सेल्फ मारला की इंजिन नुसतं फिरतंय, उठत नाही.

अशा वेळी सल्ल्यांना तोटा नसतो. एक जण म्हणतो नोझल गेले, दुसरा म्हणतो पंप उतरवा, तिसऱ्याला थेट हेड उघडायचं असतं. माल भरलेला, पार्टी फोनवर फोन करतेय, म्हणून मालकही ज्याचा आवाज मोठा त्याचं ऐकतो. माझं म्हणणं असं, की काल संध्याकाळी धावत आलेल्या गाडीचं कॉम्प्रेशन रातोरात जात नाही. शेवटचा पाना जिथे लागला तिथून शोध सुरू करा, आणि तिथेही सगळ्यात आधी हवा शोधा.

हवेचा एवढा बाऊ का, ते सांगतो. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली जर्मनीत आउग्सबुर्गला आपलं इंजिन यशस्वी करून दाखवलं. त्याचं तत्त्व आजही तेच आहे: स्पार्क प्लग नाही. सिलिंडरमधली हवा सोळाव्या-अठराव्या हिश्श्यापर्यंत दाबली की ती ५०० अंशांच्या वर तापते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा पडला की तो आपोआप पेटतो. फवारा बारीक हवा, म्हणून नोझलची सुई जोराच्या दाबाशिवाय उचलत नाही. जुन्या, लाइन पंपाच्या इंजिनात हा दाब २०० बारच्या आसपास असतो.

आता डिझेल दाबलं तर जवळजवळ दबत नाही, हवा मात्र दबते. पंपाचा प्लंजर वर गेला की वाटेतला बुडबुडा आकसतो, खाली आला की पुन्हा फुगतो. नोझलपर्यंत दाब पोचतच नाही. पंप ठीक, नोझल ठीक, तरी सिलिंडरमध्ये थेंब नाही. यालाच आपण ‘गाडीने एअर धरली’ म्हणतो.

पाना उचलण्याआधी दोन गोष्टी पाहून घ्या. इंजिन बंद करायचा स्टॉपर ओढलेलाच राहिला नाही ना, आणि सोलेनॉइड असेल तर त्याची वायर जागेवर आहे ना. मग एकाला सेल्फ मारायला सांगा आणि तुम्ही सायलेन्सरपाशी उभे राहा. कच्च्या डिझेलच्या वासाचा पांढरा धूर आला तर डिझेल आत पोचतंय पण पेटत नाही. मग बॅटरी उतरलीय का, टायमिंग चुकलंय का, हे बघायचं. धूर अजिबात नसेल तर डिझेल पोचतच नाही. हे निदान फुकट होतं, त्यामुळे कोणी करत नाही.

सेल्फ मात्र दहा-पंधरा सेकंदांच्या वर धरून ठेवू नका. मध्ये मिनिट-दोन मिनिटं त्याला गार होऊ द्या. नाहीतर एअर निघायच्या आधी सेल्फ जळतो. आणि तो ईथरचा स्प्रे! हवा तापवणारा हीटर किंवा ग्लो प्लग असलेल्या इंजिनात तो मारणं म्हणजे भडका उडवणं आहे.

एअर काढायची रीत इथल्या निम्म्या लोकांना पाठ असेल, पण घाईत ती अर्धीच होते. फिल्टर हेडवरचा स्क्रू अर्धा-पाऊण फेरा ढिला करा आणि हँड प्रायमर मारत राहा. आधी नुसती फुसफुस येते, मग फेस, मग डिझेलबरोबर सुटे बुडबुडे. इथे बहुतेक जण स्क्रू आवळून मोकळे होतात. थांबू नका. एकसंध, स्वच्छ धार लागेपर्यंत मारा, आणि प्रायमर दाबलेला असतानाच स्क्रू आवळा. हात सोडून आवळलात तर हवा पुन्हा आत. मग पंपावरचा स्क्रू, त्याचीही तीच रीत. शेवटी नोझलकडे जाणाऱ्या पाइपांचे नट थोडे ढिले करून सेल्फ मारायचा, डिझेल उडायला लागलं की एकेक आवळायचा.

इथवर बरेच जण पोचतात. खरी गंमत त्यापुढे आहे. गाडी सुरू होते, दोन मिनिटं छान चालते, आणि बंद पडते. पुन्हा एअर काढा, पुन्हा तेच. फिल्टरात साठलेल्या डिझेलवर ती चालली आणि मागून हवा आली, एवढाच त्याचा अर्थ. फीड पंप टाकीपासून आपल्यापर्यंतच्या लाइनीतून डिझेल ओढून घेतो. शहाळ्याच्या नळीला वर चीर असेल तर पाणी सांडत नाही, नुसती हवा तोंडात येते. तसंच इथे होतं. मिस्त्री मात्र टॉर्च घेऊन गाडीखाली ओल शोधतो आणि ‘सगळं कोरडं आहे, साहेब’ म्हणून बाहेर येतो. फीड पंपाच्या पुढे गळती असेल तर डिझेल दिसेल. मागच्या बाजूला कोरड्या जोडावरच संशय घ्यायचा.

त्यासाठी युक्ती अशी. टाकीची नळी काढा, स्वच्छ डिझेलचा कॅन फीड पंपापेक्षा उंच टांगा आणि त्यातून थेट पंपाला डिझेल द्या. गाडी बिनतक्रार चालली तर दोष टाकी ते फीड पंप एवढ्यातच आहे. पारदर्शक नळी लावलीत तर बुडबुडे डोळ्यांनी दिसतात.

सापडतं काय? वॉटर सेपरेटरची जुनी रबरी रिंग हेडला चिकटून राहिलेली असते आणि पोरगं तिच्यावरच नवी चढवतं. दोन रिंगा मिळून एक रिंग म्हणून कधी बसत नाहीत. दबून चपटा झालेला जुना तांब्याचा वॉशर पुन्हा वापरलेला असतो. क्लिपखाली रबरी पाइप तडकलेला असतो, क्लिप काढल्याशिवाय तो दिसत नाही. टाकी धुतली असेल तर जायची आणि परतीची नळी उलटसुलट झालीय का तेही बघा. परतीची नळी टाकीत वरच संपत असेल तर टाकी भरलेली असताना गाडी चालते आणि डिझेल उतरलं की बंद पडते. मग दोष पेट्रोलपंपवाल्यावर जातो.

पंपच उतरवून बसवला असेल तर गोष्ट वेगळी. क्रँकच्या दोन फेऱ्यांत पंप एक फेरा घेतो, त्यामुळे तो बरोबर उलटा बसू शकतो आणि चुकीच्या स्ट्रोकला डिझेल मारतो. सहा सिलिंडरच्या इंजिनात बहुधा १-५-३-६-२-४ हा क्रम असतो. नोझलच्या पाइपांची अदलाबदल झाली तर ते कसंबसं थरथरत उठेल किंवा उठणारच नाही.

एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांत मात्र वरच्यातलं निम्मं विसरा. त्यांच्या कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांच्या सामाइक नळीत, शे-दोनशे बार दाब उभा राहिल्याशिवाय ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, इंजेक्टर उघडतच नाही. इथे स्कॅनर लावून सेल्फ मारताना रेलचा दाब वाचायचा. दाब उभा राहत नसेल तर आधी प्रायमिंग पुरतं झालंय का आणि सेन्सरचे प्लग जागेवर बसलेत का ते पाहा. नवा फिल्टर बाहेरून डिझेल ओतून भरण्याची जुनी सवयही इथे महागात पडते. या पंपांत आणि इंजेक्टरांत भागांमधली फट दोन-तीन मायक्रॉनची असते आणि ओतलेलं डिझेल न गाळताच पुढे जाऊ शकतं.

आणि चालू इंजिनावर रेलचा पाइप ढिला करायचा नाही, गळती बोटाने चाचपायची नाही. दाब हजार-दीड हजार बारच्या घरात असतो. ती धार दिसत नाही, पण कातडीतून आत शिरते. वरून सुई टोचल्याएवढा ठिपका दिसतो, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, म्हणून माणूस हात धुऊन पुन्हा कामाला लागतो. तसं करू नका. त्याच तासाला मोठ्या हॉस्पिटलात जा आणि डॉक्टरांना ‘टोचलंय’ म्हणू नका, ‘दाबाचं डिझेल आत गेलंय’ असं स्पष्ट सांगा.