सळईचा रंग



जालन्याचं नाव काढलं की बाहेरगावची माणसं दोन गोष्टी सांगतात, बियाणं आणि सळई. बियाण्याची गोष्ट तुम्ही पुष्कळदा ऐकली असेल. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली ‘महिको’ सुरू केली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, हे आमच्याकडे शाळकरी पोरांनाही ठाऊक असायचं. मी सळईच्या बाजूचा माणूस. माझे वडील, म्हणजे आप्पा, एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये सांडशीवर होते. पुढे मीही मिलमध्येच लागलो, पण बटणांच्या बाजूला.

सांडशीवर असणं म्हणजे काय, ते सांगतो. भंगार वितळवून ओतलेला लोखंडाचा ठोकळा भट्टीत लालभडक तापवायचा आणि फिरत्या दोन रुळांच्या खाचेतून काढायचा. तो बारीक होतो, लांब होतो. मग पुढच्या रुळांत, मग त्याच्या पुढच्या. दर वेळी बाहेर येणारं ते तापलेलं तोंड सांडशीत पकडायचं, जागच्या जागी वळायचं आणि पुढच्या खाचेत घालायचं. मागची शेपूट अजून येतच असते, त्यामुळे जमिनीवर तापलेल्या लोखंडाचा मोठा वेढा पडतो. त्या वेढ्यात पाय सापडता कामा नये. हे सगळं दोन-तीन सेकंदांत, आणि पाळीभर. म्हणून अर्धा तास काम, अर्धा तास विसावा अशी जोडीदारांत वाटणी असे. पायांना ओलं गोणपाट गुंडाळलेलं, विसाव्याला गूळ आणि मीठ घातलेलं पाणी.

१९८६ च्या उन्हाळ्यात आप्पांच्या पोटरीला तो वेढा लागला. दोन महिने ते घरी होते. ड्रेसिंग बदलताना आई आम्हाला बाहेर पाठवायची. तिसऱ्या महिन्यात ते पुन्हा कामावर गेले. घरात त्यावर फार बोलणं झालं नाही. बोलून करायचं काय होतं?

आप्पा शिकले होते चौथी. पण लोखंड किती तापलंय ते डोळ्यांनी सांगायचे, आणि त्यासाठी त्यांचे घरचे शब्द होते. जांभळट लाल असेल तर परत ढकला, रूळ तुटेल. शेंदरी असेल तर जरा थांबा. पिकल्या आंब्याचा रंग आला की काढा. त्याच्याही पुढे गेलं आणि पांढऱ्यातून ठिणग्या उडायला लागल्या तर ‘लाह्या फुटल्या’, म्हणजे माल जळाला. लोखंडात कार्बन किती, हेही तुकडा फिरत्या सहाणेवर धरून ठिणगीवरून ओळखायचे. लांब, साध्या रेघा निघाल्या तर मऊ. फाटे फुटले तर कडक. मला लहानपणी तो दिवाळीचाच खेळ वाटे.

मी आयटीआयचा इलेक्ट्रिशियन झालो आणि १९९१ साली मिलमध्ये लागलो. तेव्हा पीळ दिलेल्या सळईचे दिवस होते. थंड झालेली सळई दोन्ही टोकांना पकडून मशीनवर पिळायची, त्यानं तिची ताकद वाढते. घराच्या स्लॅबला ‘टॉर’ वापरलंय असं लोक अभिमानानं सांगत. नंतर टीएमटी आली. हिच्यात पीळ नाही. शेवटच्या रुळातून तापलेली सळई निघाली की लगेच पाण्याच्या जोरदार फवाऱ्यातून जाते. बाहेरची साल झटकन थंड होऊन कडक होते, गाभा तापलेलाच राहतो, आणि मग आतली धग बाहेर येऊन त्या सालीचा ठिसूळपणा काढून टाकते. सळई कापून, घासून तोंडाला आम्लाचं पातळ द्रावण लावलं की बाहेरचं कडं काळसर आणि आतला गाभा फिका, असं स्वच्छ दिसतं. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा तुकडा रुमालात बांधून घरी नेला. आप्पांनी उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, ‘‘भाकरीसारखं आहे की. वरून पापुद्रा, आत मऊ.’’

स्पेक्ट्रोमीटर आला तेव्हा ठिणग्या पाहणारे लोक संपले. वितळलेल्या लोखंडाचा नमुना घासून ठेवायचा, मिनिटभरात कार्बन, मँगनीज, गंधक, फॉस्फरस सगळे आकडे कागदावर. त्याचं मला दुःख नाही. इंडक्शन भट्टीत फॉस्फरस फारसा काढता येत नाही, भंगारच निवडून घ्यावं लागतं, आणि ठिणगीवरून फॉस्फरस कुणाला कळणार? लोकांच्या डोक्यावर जो स्लॅब येतो, तो अंदाजावर नसावा.

दुसरी एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. २००३ साली आमच्या मिलमध्ये रिपीटर बसवला. रिपीटर म्हणजे वळणदार पन्हळ. सळईचं तोंड आपोआप त्यातून वळून पुढच्या रुळांत शिरतं, सांडशीवाल्याची गरज राहत नाही. त्याच्या पॅनेलची वायरिंग मी केली. तीन रात्री जागून. पहिली सळई कुणाचा हात न लागता आरपार गेली, तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या. महिनाभरात सांडशीवरच्या बावीस माणसांपैकी चौघं उरली. आप्पा तोवर निवृत्त झाले होते, पण त्यांचे धाकटे जोडीदार त्या अठरांत होते. मी त्यांना काका म्हणायचो. पोटरीला वेढा लागला त्या दिवशी आप्पांना उचलून बाहेर आणणारे तेच.

वर्षभरानं काका मला नव्या मोंढ्यात भेटले. पाठीवर पोतं होतं. पोतं उतरवून त्यांनी आधी आप्पांची तब्येत विचारली. मग म्हणाले, ‘‘ते तुझं मशीन चालतंय का नीट?’’

मी म्हणालो, ‘‘चालतंय, काका.’’

‘‘कुणाला लागलं-बिगलं नाही ना?’’

‘‘नाही.’’

‘‘मग बरं,’’ म्हणाले आणि पोतं पुन्हा पाठीवर घेतलं. खरंच त्या वर्षात आमच्याकडे कुणाचा पाय भाजला नव्हता. हे त्यांना आणखी सांगावं, असं वाटलं होतं. पण मला ते सांगवलं नाही.

आप्पांना पुढे दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू झाला. डॉक्टरांनी आधी विचारलं, काम काय करत होता? वर्षानुवर्षं भट्टीच्या धगीत पाहणाऱ्यांना तो लवकर होतो म्हणे. ऑपरेशननंतर, २०१६ साली, त्यांना मिल दाखवायला घेऊन गेलो. आत शिरल्यावर ते इकडे-तिकडे पाहू लागले. ‘‘भट्टी कुठाय?’’

भट्टी नव्हतीच. म्हणजे वितळवायची होती, तापवायची नव्हती. ओतलेलं लोखंड गोठता गोठता, गरम असतानाच थेट रुळांत जात होतं. पुन्हा तापवायचा कोळसा वाचतो. ते मी समजावून सांगितलं, त्यांनी मान हलवली. मग काचेच्या केबिनमध्ये खुर्ची दिली. पडद्यावर आकडा होता, एक हजार पन्नास. मी तो वाचून दाखवला.

‘‘आकडा कळला,’’ आप्पा म्हणाले. ‘‘रंग कोणता आहे सांग.’’

मी काचेतून पाहिलं. पंचवीस वर्षं मी त्या लोखंडासमोर बसलो होतो. लाल आहे, एवढंच मला सांगता आलं.

आप्पा हसले. हातातला चहा संपवून म्हणाले, ‘‘आता तुला कशाला लागतंय ते?’’ आणि बराच वेळ काचेला नाक लावून बघत राहिले.