हवेवरून पाण्यावर

ज्याच्या दारात जुनी स्पोर्ट्‌स कार उभी आहे, त्याने नवी घ्यायचं नुसतं मनात आणलं, तरी त्याचे गाडीवेडे मित्र घरच्यांपेक्षा जास्त विरोध करतात. ‘नवीत ती मजा नाही’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आज या वाक्याची जरा उलटतपासणी करू या. साक्षीला बोलावू या पोर्शे ९११ला, कारण जुनी विरुद्ध नवी हा वाद तिच्याइतका कडाक्याने क्वचितच कुठल्या गाडीवरून झाला असेल.

ही गाडी १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात आली ती ९०१ या नावाने. मधे शून्य असलेले तीन आकडी क्रमांक आमचे, अशी प्यूजोने हरकत घेतली आणि ९०१ची ९११ झाली. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, तीन-तीन सिलिंडर आडवे, समोरासमोर. त्यांना गार ठेवायला पाणी नाही, रेडिएटर नाही, फक्त एक भला मोठा पंखा. बजाजची जुनी चेतक स्कूटर चालवलेल्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल. तिथेही पंखाच सिलिंडरवर हवा मारी. पोर्शेत मात्र उष्णता वाहून नेण्याचं बरंचसं ओझं तेलावर असे, आणि पुढच्या काळातल्या गाड्यांत हे तेल दहा लिटरहून अधिक लागे. ते मोजायचं म्हणजे गाडी सपाट जागी उभी, इंजिन पूर्ण तापलेलं आणि चालू. इंजिन बंद करून मोजलं, तर काडीवर तेल दिसतच नाही. मग माणूस घाबरून आणखी ओततो, आणि पुढे गाडी धूर ओकते.

हवेने गार होणाऱ्या या घराण्यातली शेवटची पिढी १९९३ साली आली. कारखान्यातल्या तिच्या सांकेतिक क्रमांकावरून लोक तिला ९९३ म्हणतात. तिच्यात बसलं की तीस वर्षांचा इतिहास हाताला लागतो. ब्रेक-क्लचचे पेडल जमिनीतून वर उगवलेले. बटणं डॅशबोर्डवर जिथे जागा सापडली तिथे बसवलेली. काच उभट. हिवाळ्यात आत ऊब येते ती एक्झॉस्टच्या नळ्यांभोवती तापवलेल्या हवेची. आणि इंजिनाचा तो कोरडा, खरखरीत आवाज! त्यासाठी लोक आज अवाच्या सवा पैसे मोजतात.

मग १९९७ साली ९९६ आली आणि पाणी आलं. भक्तांनी याला धर्मभ्रष्टता म्हटलं, पण कारणं साधी होती. एका सिलिंडरला चार व्हॉल्व्ह दिले, तर धूर कमी होतो आणि ताकद वाढते. पण एवढ्या दाटीत साचणारी उष्णता नुसत्या हवेने निघत नाही. आवाजाचे नियमही कडक होत चालले होते, आणि सिलिंडरभोवतीचं पाणी आवाजही दाबतं. त्याहून मोठं कारण पैशाचं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पोर्शे तोट्यात बुडत होती. वेंडेलिन वीडेकिंग यांनी सूत्रं हाती घेतली, टोयोटाच्या तालमीत तयार झालेले जपानी सल्लागार बोलावले आणि कारखाना मुळापासून बदलला. नव्या ९११चा पुढचा जवळजवळ सगळा भाग, दारांसकट, स्वस्तातल्या बॉक्स्टरशी सामायिक ठेवला. दिवे, इंडिकेटर सगळं एकाच तुकड्यात, झटक्यात बसवता येईल असं. त्या दिव्यांचा आकार पाहून जर्मनांनी त्यांना तव्यावरचं अंडं म्हटलं. आपण हाफ फ्राय म्हणू. जवळजवळ दुप्पट किमतीच्या गाडीला धाकट्या बहिणीचं तोंड, ही तक्रार मला पटते. त्यात बचतच दिसते, डौल दिसत नाही. २००४च्या पुढच्या पिढीत कंपनीने मुकाट्याने गोल दिवे परत आणले.

पण गाडी चालवून पाहा. ९९३ सुरुवातीला ३.६ लिटरमधून २७२ अश्वशक्ती देत होती, नवी ३.४ लिटरमधून ३००. गाडी मोठी झाली, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ७८ मिलिमीटरने वाढलं, तरी वजन कमीच भरलं. चाकांमधल्या या वाढीव अंतराने खरा फरक पडतो तो वळणावर. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या ९११चा एक खुनशी स्वभाव होता: भर वळणात घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडला, की जड बूड बाहेर फिरून गाडी उलटं तोंड करी. ९९३च्या नव्या मागच्या सस्पेन्शनने ही खोड बरीच मोडली आणि ९९६ने माणसाला निर्धास्त केलं. ज्याला रोज ऑफिसला जायचंय, पावसात जायचंय, तेवढ्याच हौसेने रविवारी घाटही चढायचाय, त्याने ९९३ विकून ९९६ घेतली तर मी त्याला वेडा म्हणणार नाही. किल्ली फिरवल्यावर तेलाची पातळी समोर दिसते, ही सोय ज्याने तापल्या इंजिनामागे वाकून काडी पुसली आहे त्यालाच कळेल.

गुंतवणूक म्हणून हा सौदा फसला, हे खरं. आज चांगली ९९३ तशाच ९९६च्या कित्येक पट किमतीला जाते. त्यामागे भावना आहे, तसं एक बेअरिंगही आहे. ९९६च्या साध्या इंजिनात मधल्या शाफ्टच्या टोकाला एक बेअरिंग असतं. ते थोड्याच गाड्यांत फुटलं, पण फुटलं तिथे अख्खं इंजिन घेऊन गेलं. टर्बो आणि जीटी-३ या तिच्याच वेगवान प्रकारांना हा धोका नाही, त्यांचं इंजिन वेगळ्या, जुन्या घराण्याचं.

आता मजा ऐका. २०११ साली स्टिअरिंगला विजेची मदत आली तेव्हा गाडीवेड्यांनी गळा काढला, की हाताला रस्ता कळेनासा झाला. उदाहरण कोणतं दिलं? आधीच्या पाण्यावरच्या गाड्यांचं, म्हणजे ज्या ९९६ला शिव्या दिल्या तिचंही! २०१५मध्ये साध्या ९११ला, म्हणजे कॅरेराला, टर्बो लागले, तेव्हा टर्बोविना इंजिनाच्या नावाने अश्रू. २०२४मध्ये विजेच्या मोटरची जोड असलेली, ५४१ अश्वशक्तीची ९११ जीटीएस आली. तिच्यावर टीका करणारे आता २०१५च्या टर्बोला सोज्वळ म्हणू लागतील. म्हणून ‘नवीत मजा नाही’ म्हणणाऱ्या मित्राला मी आधी विचारतो, तू ती चालवलीस कधी?

जर्मनीत, इंग्लंडमध्ये वा अमेरिकेत राहणारे आपले काही श्रोते या गाड्यांच्या जाहिराती चाळत असतील. त्यांना एवढंच सांगेन: दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर चालवून बघा, एक आज आणि एक महिन्याने असं नको. ९९६ आवडलीच, तर क्लच बदलताना ते बेअरिंग बदललंय का, हे बिलावर पाहा. बिल नसेल तर मेकॅनिकला तेलाचा फिल्टर कापायला लावा आणि घड्यांमध्ये धातूचा चुरा चमकतो का ते उजेडात धरून तपासा. चुरा नसेल, तरच किमतीच्या गोष्टी काढा.