भिंतीत जाण्यापूर्वी तार वाचा
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आज मी परीक्षेविषयी बोलणार नाही. ज्या दिव्याखाली आपली मुले अभ्यास करतात, त्या दिव्यापर्यंत वीज आणणाऱ्या तारेविषयी बोलणार आहे.

गिरगाव, परळ, लालबागच्या जुन्या चाळींत वीज आली तेव्हा खोलीची गरज एक-दोन दिव्यांची, फार तर एका पंख्याची होती. लाकडी पट्टीवरून रबरी आवरणाची तार फिरवली की काम भागे. आज त्याच खोलीत फ्रीज, मिक्सर, इस्त्री आणि गीझर आहे. उपकरणे वाढली, पण कित्येक घरांत तार जुनीच राहिली. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना जूलचा नियम ठाऊक आहे : करंट दुप्पट झाला की तारेतील उष्णता चौपट होते. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर घेतो. तो दिव्याच्या बारीक तारेवर लावणे म्हणजे भिंतीत शेगडी पेटवणे होय.

ही चूक मीही केली आहे. लालबागच्या आमच्या खोलीत मी एकदा स्वस्तातली गुंडाळी आणून बसवली. दुसऱ्याच उन्हाळ्यात बोर्डाजवळ जळका वास येऊ लागला. तार काढून पाहिली, तर आवरण तडकलेले. तांबे खरवडले, तर आत पांढरे ॲल्युमिनियम! वेष्टनावर ‘आयएसआय क्वालिटी’ असे ठळक छापले होते, पण क्रमांक एकही नव्हता. त्याच भिंतीशी माझा मुलगा झोपत असे.

म्हणून सांगतो, शिक्का पाहून थांबू नका, तो वाचा. आपली भारतीय मानक संस्था १९४७ साली स्थापन झाली. १९८७ पासून तिचे काम भारतीय मानक ब्यूरो पाहतो. आयएसआयच्या खऱ्या चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो. ४५०/७५० व्होल्टपर्यंतच्या पीव्हीसी तारांसाठी तो ‘आयएस ६९४’ आहे. चिन्हाच्या खाली ‘सीएम/एल’ या अक्षरांपुढे उत्पादकाचा परवाना क्रमांक असतो. हा क्रमांक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर घातला की परवाना कोणाचा आणि कोणत्या मालासाठी आहे ते दिसते. हे काम घरातील आठवीचा विद्यार्थीही करू शकेल.

त्यानंतर जाडी पाहा. ती चौरस मिलिमीटरमध्ये दिलेली असते. दिवे-पंख्यांना साधारणपणे १.५, तर पॉवर प्लगला २.५ किंवा ४ ची तांब्याची तार घालतात. नेमका आकडा भार मोजून जाणकाराने ठरवावा. पुढची अक्षरे ‘एफआर’ असतील, तर ती तार ज्वाळा सहजी पसरू देत नाही. ‘एफआरएलएस’ असेल, तर ती जळताना धूरही कमी होतो. जिथे साऱ्या मजल्यांना मिळून एकच लाकडी जिना आहे, तिथे या दोन जादा अक्षरांचे मोल मोठे आहे; कारण आगीत माणूस पुष्कळदा ज्वाळेआधी धुराने गुदमरतो.

फिटिंगमध्ये लाल, पिवळी किंवा निळी तार फेजची, काळी न्यूट्रलची आणि हिरवी अर्थिंगची, हा रिवाज पाळायला लावा. लाल संपली म्हणून हिरवी जोडणारा वायरमन पुढच्या वायरमनचा जीव धोक्यात घालतो.

काही पालक म्हणतील, हे तर ‘बेस्ट’चे काम. मुंबई शहरात वीज ‘बेस्ट’ पुरवते हे खरे. पण तिची जबाबदारी मीटरपर्यंत. मीटरपासून आपल्या उशाशी येणारी तार आपली. लोहार चाळीत खरेदीला गेलात, तर पक्के बिल मागा, त्यावर जाडी आणि कंपनीचे नाव लिहून घ्या, आणि काम परवानाधारक माणसाकडूनच करवून घ्या. फ्यूज वारंवार उडतो म्हणून जाड तार बांधू नका. तो उडतो, म्हणजे आपल्याला सावध करतो.

कपडा विटला तर बदलता येतो. तार मात्र एकदा भिंतीत गेली की वीस-तीस वर्षे कोणाच्या दृष्टीस पडत नाही. तिच्यावरील मजकूर वाचण्याची वेळ दुकानातच असते. विद्यार्थी मित्रांनो, घरात नवी तार येईल त्या दिवशी आपल्या वडीलधाऱ्यांना तो मजकूर मोठ्याने वाचून दाखवा. आपल्या शिक्षणाचा घराला झालेला तो मोठाच उपयोग ठरेल.