संग्रहालयाचे दार बंद झाल्यावर





सुवर्णमहोत्सव हा जमाखर्च मांडण्याचा प्रसंग. पन्नास वर्षांत काय मिळविले, हे अहवालात येतेच. परंतु एखादी संस्था थांबली तर तिने जमविलेल्या ठेव्याचे काय होते, हा प्रश्न मंगल प्रसंगी सहसा कोणी विचारीत नाही. तो विचारण्याची हीच वेळ आहे, कारण संस्था धडधाकट असतानाच त्याचे उत्तर ठरविता येते.

व्यापारात पेढी बंद झाली की शिल्लक माल विकला जातो, देणी फेडली जातात आणि खाते मिटते. संग्रहालयाचे तसे नाही. तेथील वस्तू विक्रीसाठी आणलेल्या नसतात. कोणी श्रद्धेने दिलेल्या, कोणी आयुष्य वेचून जमविलेल्या असतात. दार बंद झाले तरी त्यांचे खाते मिटत नाही. ते कोणाच्या तरी नावावर चढवावेच लागते.

मुंबईचे उदाहरण पाहावे. तेथे सरकारी मध्यवर्ती संग्रहालयाच्या वस्तू कोटातील लष्करी बराकीत ठेवल्या होत्या. १८५७ च्या धामधुमीत सैन्यासाठी ती जागा तातडीने रिकामी करण्यात आली. वस्तू घाईघाईने हलविताना संग्रहाचा पुष्कळ भाग नष्ट झाला. पुढे डॉ. जॉर्ज बर्डवुड, डॉ. भाऊ दाजी लाड, नाना शंकरशेट आदींच्या प्रयत्नांनी व नागरिकांच्या देणग्यांनी नवी वास्तू उभी राहिली. २ मे १८७२ रोजी ती जनतेसाठी खुली झाली. आज ती डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणून ओळखली जाते. नगरीने संग्रहालय पुन्हा उभे केले. परंतु त्या घाईत जे गेले ते गेलेच.

दुसरे उदाहरण साताऱ्याचे. रावबहादूर दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी मराठ्यांच्या इतिहासाची कागदपत्रे, चित्रे व नकाशे अपार परिश्रमाने मिळविले. नाना फडणिसांचे मेणवली दप्तरही त्यांच्या संग्रहात होते. १९२५ साली साताऱ्यात या संग्रहासाठी संग्रहालय उघडले आणि पुढच्याच वर्षी, १९२६ मध्ये, पारसनीस निवर्तले. १९३९ साली तो संग्रह साताऱ्याहून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात नेण्यात आला. तेथील मराठा इतिहास संग्रहालयाचा तो पाया ठरला. संग्रह विखुरला नाही, अभ्यासकांच्या हाती पोहोचला, हे भाग्यच. परंतु ज्या गावात तो जमला, त्या गावाच्या मुलांना तो पाहण्यासाठी पुण्याची वाट धरावी लागली. संग्रह सुरक्षित राहणे आणि गावाजवळ राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुष्कळदा पहिलीसाठी दुसरी सोडावी लागते.

ज्या डेक्कन कॉलेजने हा ठेवा सांभाळला, ते स्वतः १९३४ साली सरकारने काटकसरीसाठी बंद केले होते, हे विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. त्याच्या वास्तूसाठी जीजीभाई घराण्याची मोठी देणगी मिळाली होती आणि त्या देणगीस अटी जोडलेल्या होत्या. माजी विद्यार्थ्यांनी त्यांच्या आधारे न्यायालयात दाद मागितली. बॅ. मुकुंदराव जयकर या लढ्यात अग्रभागी होते. अखेर १९३९ साली ते संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले. दात्याचा हेतू कागदावर नसता, तर केवळ भावनेच्या बळावर ते दार उघडले असते काय?

सागरापलीकडेही असेच घडले. ईस्ट इंडिया कंपनीने १८०१ साली लंडनमध्ये भारतीय वस्तूंचे संग्रहालय स्थापिले. कंपनीची सत्ता संपल्यावर ते एका जागेतून दुसरीकडे हलत राहिले आणि १८७९ साली मोडीत निघाले. कलावस्तू साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयाकडे, अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे ब्रिटिश म्युझियमकडे, तर वनस्पतींचे नमुने क्यू उद्यानाकडे गेले. हे अमरावती आंध्रातील, वऱ्हाडातील नव्हे. वस्तू वाचल्या, पण एकत्र असताना त्या जी कथा सांगत होत्या, ती तुटली.

आता विदर्भाकडे वळू. मूर्तिजापूर तालुक्यातील राजनापूर खिनखिनी येथे सापडलेल्या प्राचीन जैन धातुमूर्ती नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात गेल्या. गाव लहान, पण मूर्तींसोबत त्याचे नाव नोंदले गेले; म्हणून अभ्यासक आजही त्या मूर्तींना त्याच गावाच्या नावाने ओळखतात. पुसदहून फार दूर नसलेल्या कारंजा येथील ग्रंथभांडारांतील पोथ्या पिढ्यान् पिढ्या बासनात होत्या. रायबहादूर हिरालाल यांनी १९२६ साली मध्य प्रांत व वऱ्हाडातील हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध केली, तीत या पोथ्यांची नोंद झाली. त्यानंतर डॉ. हिरालाल जैन यांनी संपादिलेले महाकवी पुष्पदंताचे ‘णायकुमारचरिउ’ १९३३ साली कारंजा येथून छापून निघाले. यादी झाली, म्हणून ग्रंथ जगाला कळला.

पुसदसारख्या गावात मोठे संग्रहालय नसेल. पण ठेवा नाही असे कोण म्हणेल? जुन्या वाड्यांत आजोबांच्या हातच्या पोथ्या, चोपड्या, पत्रव्यवहार, चौकटीतली छायाचित्रे आहेत. मुले पुण्या-मुंबईस स्थिरावतात, वाडा विकावयास निघतो आणि दोन दिवसांत खोल्या रिकाम्या करावयाच्या असतात. तांब्या-पितळेचा भाव होतो, कागद रद्दीत जातो. बराकीतील घाई आणि ही घाई यांत फरक तो काय?

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात चार गोष्टी व्हाव्यात. पहिली, प्रत्येक वस्तूची नोंदवही: वस्तू कोणती, कोणाकडून आली, केव्हा व कोणत्या गावची, छायाचित्रासह. दुसरी, दात्याचा हेतू व अटी लेखी स्वरूपात. तिसरी, संस्था चालविणे अशक्य झाल्यास ठेवा कोणत्या संस्थेकडे जावा याचा आजच ठराव. चौथी, पोथ्यांच्या प्रती अथवा संगणकीय छायाचित्रे करून त्या दोन ठिकाणी ठेवणे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या वस्तू व पंचाहत्तर वर्षांहून जुनी मौलिक हस्तलिखिते पुरावस्तूंत मोडतात, याचेही भान असावे.

कापडाच्या दुकानात वर्षातून एकदा प्रत्येक ठाण उलगडून मोजले जाते. ज्याचे मोजमाप नाही, ते ठाण कसरीने खाल्ले की चोरीस गेले, हे मालकालाही कळत नाही. पूर्वजांच्या ठेव्याची मोजणी या वर्षी झाली, तर शतकमहोत्सवास जमणाऱ्या पिढीला शिल्लक पूर्ण मिळेल.

जय जिनेंद्र.