पातळपणाचे सामर्थ्य



काचेची जाड पट्टी वाकवू गेल्यास तडकते. त्याच काचेचा केसासारखा तंतू सहज वळतो. वस्तू वाकली की तिची बाहेरची बाजू ताणली जाते. तेवढ्याच वळणात जाडी निम्मी झाली, तर हा ताणही निम्मा होतो. अंगावर वागवायच्या लवचीक इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा पाया हाच नियम आहे.

२००४ साली मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम व कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी साध्या चिकटपट्टीने ग्रॅफाइटचे पदर सोलून एका अणूच्या जाडीचा थर, म्हणजे ग्राफीन, वेगळा केला. २०१० चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना लाभले. २०१७ मध्ये ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात ग्राफीनच्या गोंदणाने त्वचेवरून हृदयाचे विद्युत्संकेत टिपले गेले. अर्ध्या मायक्रॉनहून पातळ असलेले हे गोंदण त्वचेच्या बारीक रेषांतही चपखल बसते.

मात्र ग्राफीनमधील विद्युत्प्रवाह पूर्णपणे थांबवता येत नाही. त्यामुळे चालू-बंद करणारी कळ म्हणून ते अपुरे पडते. ते काम मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा तीन अणूंच्या जाडीचा थर करू शकतो.

या शाळेत पिढ्यान्‌पिढ्या ज्या पेन्सिलींनी अक्षरे गिरवली गेली, त्यांच्या शिशातही ग्रॅफाइटच होते. नवल दप्तरातच होते. ते पाहणारी दृष्टी मात्र कमवावी लागते.